वैद्यकीय व्यावसायिकांचे स्वास्थ्य

वैद्यकीय व्यावसायिकांचे स्वास्थ्य : वैद्य, डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकाचे विद्यार्थी यांचे स्वतःचे शारीरिक व मानसिक आरोग्य, त्यांच्या व्यवसायातून त्या आरोग्याला पोहोचणारे धोके आणि ते टिकविण्यासाठी वेळोवेळी योजिलेले उपाय यांचा विचार या विषयात केला जातो. रोग्याची शुश्रूषा हा या व्यवसायाचा धर्म मानला गेल्यामुळे शुश्रूषा करणाऱ्याच्या प्रकृतीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. साथीच्या रोगात मृत्यू पावलेला डॉक्टर हुतात्मा म्हणून गौरविला जाई. परंतु त्याचा मृत्यू टाळता आला असता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई. या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूरच्या संदर्भात, उद्‌बोधक आहे. चीनमध्ये युद्धकाळात रुग्णसेवा करीत असताना वयाच्या ३२ व्या वर्षी दिवंगत झालेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे सोलापूरचेच होते.

प्राचीन विचार : आयुर्वेदात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. चरकसंहितेत उत्तम वैद्याचे जे चार गुण दिले आहेत त्यांत शास्त्राचे ज्ञान, प्रत्यक्ष अनुभव व दक्षता यांबरोबर शौचाचाही, म्हणजे शुचितेचा, समावेश होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्यवसायाला प्रारंभ करणाऱ्या वैद्याने नखे व केस कापलेले असावेत, शुभ्र वस्त्रे नेसावीत, छत्री व काठी बाळगावी आणि पायांत पादत्राणे घालावीत, असा उपदेश आहे. दिनचर्या, ऋतुचर्या, आहार व निद्रा यांविषयीचे स्वस्थवृत्ताचे नियम सर्वांसाठी सांगितलेले असून वैद्यही त्यांतून वगळलेला नाही. तथापि वैद्याची शुचिता ही मुख्यतः रोग्याचा विश्वास संपादन करण्याचे साधन म्हणून सांगितलेली दिसते.

ग्रीक परंपरेतही हेच आढळते. हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील वैद्यविषयक एका लहान प्रकरणात वैद्याने निरोगी व सुदृढ दिसावे असे म्हटले आहे. कारण ज्याला स्वतःचे शरीर सांभाळता येत नाही, तो दुसऱ्याचे काय सांभाळणार, असे लोकांना वाटते. ॲरिस्टॉटलने पॉलिटिक्स या ग्रंथात वैद्य आजारी पडल्यास स्वतःवर उपचार न करता दुसऱ्या वैद्यास बोलावतात, याचा दाखला दिला आहे. आपल्याच आजाराविषयी निःपक्षपाती निर्णय घेता येत नाही, हे त्यामागील तत्त्व आजही वैद्यकीय नीतिशास्त्रात मान्य आहे.

व्यवसायजन्य रोगांवरील पहिला व्यवस्थित ग्रंथ इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केला. खाणकामगार, कुंभार इत्यादींबरोबरच उपदंशाच्या रोग्यांना पाऱ्याचे मलम चोळणारे आणि सुईणी यांच्या आजारांचीही त्यांनी नोंद घेतली. वैद्यक हाही एक धोक्याचा धंदा आहे, ही जाणीव यात प्रथम स्पष्टपणे दिसते.

संसर्गाचे युग : एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदन हा वैद्यकीय शिक्षणाचा अविभाज्य भाग झाला आणि त्याबरोबर शिक्षक व विद्यार्थी यांना होणारे संसर्ग वाढले. व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेच्का यांना १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली व त्या जखमेतून झालेल्या संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शरीरात आढळलेल्या विकृती सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांतील विकृतींसारख्याच आहेत, हे त्यांचे सहकारी इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले आणि त्यातून हात निर्जंतुक करण्याची पद्धत पुढे आली. डॉक्टराला रोगापासून वाचविणारा उपाय व रोग्याला डॉक्टरापासून वाचविणारा उपाय हे बहुधा एकच असतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. स्टेथॉस्कोपचे जनक रने लेनेक यांनी छातीच्या रोगांचा सखोल अभ्यास केला. त्यांचे १८२६ मध्ये क्षयानेच निधन झाले. क्ष-किरणांच्या शोधानंतर (१८९५) त्यांचा वापर करणाऱ्या अनेकांना त्वचेचे व्रण व कर्करोग झाले. अशा व्यक्तींचे स्मारक हँबर्ग येथे १९३६ मध्ये उभारण्यात आले.

महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभ एका विद्यार्थिनीपासून करावा लागतो. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) या १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. परक्या देशातील थंडी, शाकाहारामुळे होणारी आहाराची आबाळ व अभ्यासाचे श्रम यांनी विद्यार्थिदशेतच त्यांची प्रकृती खालावली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली होती. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी त्यांनी एवढे कष्ट सोसले, तिचा व्यवसाय करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. विद्यार्थ्याच्या प्रकृतीची जबाबदारी शिक्षणसंस्थेवर असते, ही कल्पना त्या काळी रूढ नव्हती.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढील काही वर्षांत ही साथ पुणे, सोलापूर इत्यादी शहरांत पसरली. व्हाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगप्रतिबंधक लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच टोचून घेतली. त्यापूर्वी पटकीच्या लशीचा प्रयोगही त्यांनी १८९२ मध्ये पॅरिस येथे स्वतःवर केला होता. नवी लस दुसऱ्यास देण्यापूर्वी तिचा धोका आपण पत्करावा, ही त्यामागील भूमिका होती. पुणे परिसरात डॉ. यशवंत फुले यांच्या रुग्णालयात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई फुले यांना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी झालेल्या साथरोग अधिनियमात शासनाला विस्तृत अधिकार मिळाले. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाची तरतूद त्यात नव्हती. ती होण्यास १२३ वर्षे लागली. [→ प्लेग].

डॉ. कोटणीस : द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालू असतानाच जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीस डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे राष्ट्रीय सभेने ठरविले व त्यांनी त्यासाठी आपले नाव दिले. पाच जणांच्या या पथकात अलाहाबादचे मदन अटल (प्रमुख), नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस हे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेले पथक त्याच महिन्यात कँटन येथे पोहोचले आणि हांको, चुंगकिंग इ. ठिकाणी काम करून फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे दाखल झाले.

या पथकाच्या वाटचालीत डॉक्टरांच्या प्रकृतीचा प्रश्न आरंभापासूनच उपस्थित झाला होता. मुखर्जी यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे परत यावे लागले. चोळकर व अटल हेही १९४० पर्यंत भारतात परतले. बसू व कोटणीस मागे राहिले. चीनमधील वास्तव्यात वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ प्रदेशातील आघाडीवर त्यांनी काम सुरू केले व १९४१ च्या आरंभी तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

ज्यांच्या नावाने हे रुग्णालय होते त्या कॅनेडियन शस्त्रक्रियातज्ञ नॉर्मन बेथ्यून यांचे चरित्रही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९२६ मध्ये त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला. अमेरिकेतील सॅरानॅक लेक येथील ट्रूडो आरोग्यधामात असताना त्यांनी या रोगावरील ग्रंथ वाचून काढले, कृत्रिम वातवक्षाचा त्या काळी धाडसी वाटणारा उपचार आपल्यावर करावा असा आग्रह धरला आणि ते बरे झाले. तेच बेथ्यून ऑक्टोबर १९३९ मध्ये आघाडीवर हातमोजे न घालता शस्त्रक्रिया करीत होते. बोट कापले, जखम चिघळली आणि जंतुरक्ततेने १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रोगी म्हणून स्वतःच्या उपचाराविषयी एवढा जागरूक असलेला माणूस शस्त्रक्रियातज्ञ म्हणून स्वतःच्या बोटाविषयी बेफिकीर राहिला. अर्थात त्या आघाडीवर हातमोज्यांपासून औषधांपर्यंत सर्वच वस्तूंची वाण होती, हेही विसरता येत नाही.

कोटणीस यांच्यावरील कामाचा ताण याहून कमी नव्हता. १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्याचे व १३ दिवसांत सु. ८०० जखमींवर उपचार केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. रुग्णालयाचा कारभार, शस्त्रक्रिया, स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण आणि चिनी भाषेत पाठ्यपुस्तकाचे लेखन अशी कामे ते एकाच वेळी करीत होते. १९४१ मध्ये क्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच अपस्माराचे झटके एकामागून एक येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले.

अपस्माराच्या झटक्यांना निद्रानाश व अतिश्रम उत्तेजन देतात, हे वैद्यकात सुविदित आहे. झटके आवरणारी औषधेही त्या काळी अज्ञात नव्हती : फेनोबार्बिटोनचा वापर १९१२ पासून होत होता व फेनिटॉइनची उपयुक्तता १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षी, सिद्ध झाली होती. परंतु वेढा पडलेल्या प्रदेशात औषधांची तीव्र टंचाई होती आणि ज्याला विश्रांतीची गरज होती त्याच्याच हाती रुग्णालयाची सूत्रे होती. त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नव्हता. कोटणीसांच्या त्यागाची थोरवी याने उणी होत नाही. मात्र त्यांचा मृत्यू केवळ दैवाधीन नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. त्यांचे पुत्र यिनह्वा हेही वैद्यकाचे शिक्षण घेत होते. त्यांचा १९६७ मध्ये अकाली मृत्यू झाला.

कोटणीसांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट निर्माण केला. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील भैया चौकाजवळ महानगरपालिकेने त्यांचे स्मारक उभारले आहे.

वैद्यकाचे विद्यार्थी : सोलापूर येथे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. शासकीय महाविद्यालय म्हणून ते आज ओळखले जाते आणि छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय त्यास संलग्न आहे. कोटणीसांच्या पिढीला वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागे. ती गरज यामुळे उरली नाही. शहराजवळच्या कुंभारी येथे पुढे खाजगी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. ही महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सोलापूरच्या सार्वजनिक रुग्णालयात जिल्ह्यातील तालुक्यांबरोबरच धाराशिव जिल्ह्यातून व कर्नाटकाच्या सीमावर्ती भागांतूनही रोगी येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या रुग्णांशी विद्यार्थ्यांचा संबंध येतो. अनुभवाच्या दृष्टीने ही स्थिती लाभदायक असली, तरी रोग्यांची संख्या व शिकाऊ डॉक्टरांचे श्रम यांचा मेळ बसविणे अशा सर्वच रुग्णालयांत अवघड असते.

पदवीपूर्व अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता करावी लागते; पदव्युत्तर शिक्षण साधारणतः तीन वर्षांचे असते. प्रवेशपरीक्षेतील तीव्र स्पर्धा, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी ग्रंथांशी करावा लागणारा झगडा, घरापासून दूर वसतिगृहातील वास्तव्य, अवेळी जेवण, जागरणे आणि मृत्यूचे रोजचे दर्शन यांचा परिणाम विशीतील तरुण मनावर होतो. वसतिगृहांतील छळाच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. २०१९ पासून पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभी एक महिन्याचा पायाभूत पाठ्यक्रम ठेवण्यात आला. त्यात भाषा, क्रीडा, योग व ताणाचे व्यवस्थापन यांना स्थान मिळाले.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याची एक विशेष अडचण म्हणजे उपचार घेण्यातील संकोच. जेथे तो शिकतो तेथेच त्याला रोगी म्हणून जावे लागते. तपासणारा डॉक्टर हा उद्याचा परीक्षक असू शकतो. त्यामुळे लक्षणे लपविणे, मित्राकडून औषध लिहून घेणे किंवा स्वतःच औषध ठरविणे या सवयी विद्यार्थिदशेत लागतात व पुढे आयुष्यभर टिकतात. मनोविकारांच्या बाबतीत हा संकोच अधिकच तीव्र असतो. याउलट, जो रोग शिकावा तो आपल्यालाच झाला आहे असे वाटण्याची प्रवृत्तीही नवख्या विद्यार्थ्यांत आढळते. ती बहुधा अल्पकाळच टिकते.

कामाचे तास : निवासी डॉक्टरांची पद्धत मुळातच चोवीस तास रुग्णालयात राहण्याच्या कल्पनेवर आधारलेली आहे. न्यूयॉर्क येथे १९८४ मध्ये एका तरुण रुग्णेचा मृत्यू झाल्यानंतर थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या कामाची चौकशी झाली व त्या राज्यात १९८९ पासून आठवड्यास ८० तासांची मर्यादा घालण्यात आली. ती २००३ मध्ये अमेरिकेत सर्वत्र लागू झाली. भारतात केंद्र शासनाने १९९२ मध्ये काढलेल्या निर्देशांत निवासी डॉक्टरांना सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक व आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम देऊ नये असे म्हटले होते. प्रत्यक्षात त्याची अंमलबजावणी फारशी झाली नाही. महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने विद्यावेतन, वसतिगृहे, सुरक्षितता तसेच क्षयाची लागण झालेल्यांना व प्रसूत झालेल्या स्त्री-डॉक्टरांना मिळणारी रजा हे प्रश्न वारंवार मांडले आहेत. क्षयाचा समावेश अशा मागण्यांत व्हावा, यावरून आनंदीबाईंच्या काळातील धोका पूर्णतः नष्ट झालेला नाही हे दिसून येते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल सादर केला. त्यासाठी केलेल्या पाहणीत पदवीपूर्व २५,५९० व पदव्युत्तर ५,३३७ विद्यार्थ्यांनी भाग घेतला. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७·८ टक्के व पदव्युत्तरांपैकी १५·३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे नमूद केले. आठवड्यास कमाल ७४ तास काम, एक साप्ताहिक सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप अशा शिफारशी कृतिगटाने केल्या. १९९२ च्या ४८ तासांशी तुलना करता ही मर्यादा मागे जाणारी वाटते. वास्तवाशी तडजोड करूनच ती ठरविण्यात आल्याचे उघड आहे.

संरक्षणाचे उपाय : डॉक्टरांच्या आरोग्यरक्षणाचे उपाय स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. (१) भौतिक संरक्षण : हातमोजे, मुखपट्ट्या, क्ष-किरण विभागातील शिशाचे आवरण व प्रारणाची मात्रा मोजणारा बिल्ला, सुयांची सुरक्षित विल्हेवाट, यकृतशोथ-ब व धनुर्वात यांच्या लशी हे उपाय यात मोडतात. एड्सच्या प्रादुर्भावानंतर १९८० च्या दशकात प्रत्येक रोग्याचे रक्त संसर्गजन्य मानूनच काळजी घेण्याचे तत्त्व रूढ झाले. (२) कायदेशीर संरक्षण : डॉक्टरांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रात २०१० मध्ये संमत झाला. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत १८९७ च्या साथरोग अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हिंसा हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरविण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील एका रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण स्त्री-डॉक्टरची हत्या झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. (३) मानसिक साहाय्य : सततच्या कामाने येणाऱ्या भावनिक क्लांतीचे वर्णन हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये केले, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिला व्यवसायजन्य घटना म्हणून मान्यता दिली. ब्रिटनमध्ये २००८ पासून डॉक्टरांसाठी गुप्तता राखणारी स्वतंत्र उपचारसेवा चालविली जाते.

कोव्हिड-१९ ची साथ सोलापुरात एप्रिल २०२० मध्ये आली. दाट वस्तीच्या या गिरणगावात सर्वोपचार रुग्णालयावर मोठा भार पडला. देशभर अनेक डॉक्टर व परिचारिका या साथीत मृत्युमुखी पडल्या. मात्र प्लेगच्या काळाहून एक महत्त्वाचा फरक होता : आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना मार्च २०२० मध्येच जाहीर झाली आणि १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला अग्रक्रम त्यांनाच देण्यात आला. हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःस टोचली ती तिचा धोका पत्करण्यासाठी. २०२१ मध्ये डॉक्टरांना ती प्रथम मिळाली ती त्यांचे जीवित मोलाचे मानले गेले म्हणून.

मूल्यमापन : जागतिक वैद्यक संघटनेने १९४८ मध्ये स्वीकारलेल्या जिनीव्हा प्रतिज्ञेत डॉक्टराची रोग्याविषयीची कर्तव्ये होती, स्वतःविषयीचे कर्तव्य नव्हते. २०१७ मध्ये तीत दुरुस्ती होऊन उत्तम सेवा देता यावी यासाठी स्वतःचे आरोग्य, स्वास्थ्य व क्षमता यांकडे लक्ष देण्याचे वचन समाविष्ट करण्यात आले. स्वतःची काळजी ही त्यामुळे सेवेची एक पूर्वअट ठरली. तथापि हे कर्तव्य केवळ व्यक्तीवर टाकून भागत नाही. योगासने व समुपदेशन यांनी अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई होत नाही. झोपेचा उपदेश करणाऱ्या संस्थेने झोपेसाठी वेळ व जागाही दिली पाहिजे. कोटणीसांच्या काळी युद्धाने हा पर्याय ठेवला नव्हता. शांततेच्या काळातील रुग्णालयांना तसे कारण सांगता येत नाही. सोलापूरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कोटणीसांचा आदर्श आहे. त्यांच्या सेवेबरोबरच त्यांच्या अकाली मृत्यूची कारणेही अभ्यासणे, हा त्या आदर्शाचाच एक भाग मानला पाहिजे.